सामाईक सीमाजलाचे प्रदूषण आणि शासनांचे सहकार्य : ग्रेट लेक्सच्या अनुभवाचा आढावा

दोन देशांच्या किंवा दोन राज्यांच्या सीमेवरील नद्या-सरोवरांविषयी शासनांमध्ये जे वाद होतात, त्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. कोणाच्या वाट्याला किती पाणी यावे हा पहिला वर्ग, आणि वाट्याला येणारे पाणी कोणत्या अवस्थेत यावे हा दुसरा. पहिल्या वर्गातील वादांसाठी लवाद, वाटपाची सूत्रे आणि धरणांतील विसर्गाची वेळापत्रके अशी यंत्रणा जगात अनेक ठिकाणी उभी राहिली आहे. दुसऱ्या वर्गातील प्रश्न मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला, कारण पाण्याची तूट ज्या वर्षी पडते त्याच वर्षी जाणवते, तर प्रदूषणाचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो, तो कोणामुळे झाला हे सिद्ध करणे कठीण असते आणि त्याची झळ बहुधा प्रदूषण करणाऱ्याला न बसता खालच्या अंगाला राहणाऱ्याला बसते.

या दुसऱ्या प्रश्नाबाबत दोन सार्वभौम शासनांनी एकत्र येऊन केलेल्या कामाची सर्वांत दीर्घ आणि सर्वांत तपशीलवार नोंद अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील ग्रेट लेक्स या सरोवरसमूहाबाबत उपलब्ध आहे. सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ऑन्टारियो या पाच सरोवरांपैकी मिशिगन पूर्णपणे अमेरिकेत असून उरलेल्या चारांमधून आंतरराष्ट्रीय सीमा जाते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील गोड्या पाण्याचा सुमारे एक-पंचमांश साठा या पाच सरोवरांत आहे आणि त्यांच्या खोऱ्यात तीन कोटींहून अधिक लोक राहतात. शंभराहून अधिक वर्षांच्या या अनुभवात मोठे यश आहे, तसेच ठळक अपयशही आहे. आणि ही दोन्ही शेजारी ठेवून तपासली असता सहकार्य नेमके कशाने फळते आणि कशाअभावी अडते हे बऱ्याच स्पष्टपणे दिसते.

१९०९ चा तह : एका वाक्याचे बंधन

अमेरिका आणि ग्रेट ब्रिटन यांच्यात ११ जानेवारी १९०९ रोजी वॉशिंग्टन येथे सीमाजल तह झाला. कॅनडाचे परराष्ट्र व्यवहार त्या काळी ब्रिटनच्या हाती असल्यामुळे कॅनडाच्या वतीने ब्रिटिश राजदूत जेम्स ब्राइस यांनी, तर अमेरिकेच्या वतीने परराष्ट्रमंत्री एलिहू रूट यांनी त्यावर सह्या केल्या. तहाचा मुख्य भर जलवाहतूक, जलविद्युत आणि पाणी वळवणे यांवर होता. तरीही त्याच्या चौथ्या कलमात असे बंधन घालण्यात आले, की सीमाजल किंवा सीमा ओलांडून वाहणारे पाणी एका बाजूने अशा रीतीने दूषित केले जाऊ नये, की दुसऱ्या बाजूच्या लोकांच्या आरोग्याला वा मालमत्तेला इजा पोहोचेल. पर्यावरण हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ होण्याच्या कितीतरी आधी दोन देशांनी परस्परांना दिलेले हे वचन आंतरराष्ट्रीय कायद्याच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

या तहात सीमाजलाची व्याख्या जाणीवपूर्वक आखडती ठेवलेली होती. ज्या सरोवरांतून आणि नद्यांमधून प्रत्यक्ष सीमारेषा जाते, त्यांचे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंतचे पाणी तेवढे सीमाजल. त्यांना येऊन मिळणाऱ्या उपनद्या या व्याख्येबाहेर राहिल्या. सरोवरात येणारी घाण मात्र बहुतांशी उपनद्यांतूनच येत असल्यामुळे, प्रदूषणाचा उगम एका शासनाच्या पूर्ण अखत्यारीत आणि त्याचा परिणाम दोघांच्या सामाईक अखत्यारीत, अशी विसंगती सुरुवातीपासूनच निर्माण झाली. पुढच्या प्रत्येक कराराला या विसंगतीशी झुंजावे लागले आहे.

तहाने स्थापन केलेला इंटरनॅशनल जॉइंट कमिशन हा संयुक्त आयोग ही त्याची टिकाऊ देणगी होय. दोन्ही देशांचे प्रत्येकी तीन असे सहा आयुक्त, पण त्यांनी आपापल्या शासनाचे वकील म्हणून नव्हे, तर एक मंडळ म्हणून विचार करावा, ही त्यामागची धारणा होती. पाण्याचा प्रवाह किंवा पातळी बदलणाऱ्या बांधकामांना परवानगी देण्याचा अधिकार आयोगाला मिळाला. प्रदूषणाबाबत मात्र शासनांनी एखादा प्रश्न त्याच्याकडे विचारार्थ सोपवला, तरच त्याने चौकशी करून शिफारस करायची, आणि ती शिफारस शासनांवर बंधनकारक नसायची. दोन्ही देशांच्या संमतीने वाद आयोगाकडे निर्णायक लवादासाठी नेण्याची तरतूद दहाव्या कलमात होती, परंतु ती आजवर एकदाही वापरली गेलेली नाही.

पहिली चौकशी आणि हुकलेली संधी

आयोगाकडे प्रदूषणाचा प्रश्न प्रथम सोपवला गेला तो १९१२ मध्ये. त्या वेळी डेट्रॉइट, बफेलो यांसारखी शहरे आपला मैला कोणतीही प्रक्रिया न करता नदीत सोडत होती आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाची गावे तेच पाणी पीत होती. विषमज्वराने मरणाऱ्यांची संख्या त्या गावांत भयावह होती. आयोगाने सरोवरांच्या आणि जोडनद्यांच्या काठाने प्रयोगशाळा उभारून पाण्याचे हजारो नमुने जिवाणूंसाठी तपासले. पाण्याच्या इतक्या विस्तृत तपासणीचे त्या काळी दुसरे उदाहरण नव्हते. १९१८ च्या अंतिम अहवालात आयोगाने निःसंदिग्धपणे नमूद केले, की डेट्रॉइट आणि नायगारा या नद्यांतील प्रदूषण तहाचा भंग करणारे आहे.

या निष्कर्षानंतर आयोगाला प्रदूषण रोखण्याचे प्रत्यक्ष अधिकार देणाऱ्या कराराचा मसुदा १९२० मध्ये तयार झाला, पण करार कधीच झाला नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. याच सुमारास पिण्याच्या पाण्यात क्लोरीन मिसळण्याची पद्धत शहरोशहरी पसरली आणि विषमज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. नळाचे पाणी निर्जंतुक करणे हे मैला शुद्ध करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त असल्यामुळे नगरपालिकांनी तोच मार्ग पत्करला, आणि माणसे मरेनाशी होताच नदी स्वच्छ करण्याची निकडही ओसरली. रोगाचा धोका टळला, घाण मात्र तशीच वाहत राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, जोडनद्यांच्या प्रदूषणाचा प्रश्न पुन्हा आयोगाकडे आला, तेव्हा मैल्याच्या जोडीला कारखान्यांतील रसायनांचीही भर पडलेली होती. आयोगाने पाण्याच्या गुणवत्तेची उद्दिष्टे सुचवली, शासनांनी ती मान्यही केली. परंतु ती अमलात आणण्याची जबाबदारी कोणाची, हे ठरले नाही.

ईरी सरोवर आणि फॉस्फरसचा वाद

१९६० च्या दशकात ईरी सरोवराची अवस्था इतकी बिघडली, की वृत्तपत्रे त्याला मृत सरोवर म्हणू लागली. पाच सरोवरांत ईरी सर्वांत उथळ आहे. त्याची सरासरी खोली १९ मीटर, आणि पश्चिमेकडील भागात तर त्याहूनही बरीच कमी. त्यामुळे ते लवकर तापते आणि बाहेरून येणाऱ्या पोषकद्रव्यांना लवकर प्रतिसाद देते. सांडपाणी, साबणचुरे आणि खते यांतून आलेल्या पोषकद्रव्यांमुळे शैवाल बेसुमार वाढते, ते मरून तळाशी कुजते, कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते आणि परिणामी मासे व तळाचे जीव गुदमरतात. या प्रक्रियेला शास्त्रीय परिभाषेत सुपोषण म्हणतात. २२ जून १९६९ रोजी क्लीव्हलंड शहरातून ईरीत येणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलकट तवंगाने पेट घेतला. ही नदी त्यापूर्वीही अनेकदा पेटली होती आणि १९५२ ची आग तर अधिक विध्वंसक होती. तथापि १९६९ पर्यंत लोकमत बदललेले असल्यामुळे या तुलनेने लहान आगीचा गवगवा देशभर झाला.

शासनांनी १९६४ मध्ये ईरी, ऑन्टारियो आणि सेंट लॉरेन्स नदीचा सीमेवरील भाग यांची चौकशी आयोगाकडे सोपवली होती. १९७० मध्ये आलेल्या आयोगाच्या अहवालाचा गाभा असा, की सुपोषणाला कारणीभूत असणाऱ्या घटकांत फॉस्फरस निर्णायक आहे आणि तोच माणसाला सर्वाधिक आटोक्यात ठेवता येण्याजोगा आहे. म्हणून साबणचुऱ्यातील फॉस्फेट कमी करावे आणि सांडपाण्यातील फॉस्फरस प्रक्रिया केंद्रात काढून टाकावा. साबणचुऱ्याच्या उत्पादकांनी याला विरोध केला. शैवालाची वाढ फॉस्फरसवर नव्हे तर कार्बनवर अवलंबून असते, असा दावा त्यांच्या बाजूने मांडला जात होता, आणि प्रयोगशाळेतील बाटल्यांतले प्रयोग त्याला अंशतः पुष्टी देतही होते.

या वादाचा निकाल लावणारा प्रयोग कॅनडाने वायव्य ऑन्टारियोमधील लहान सरोवरांवर केला. डेव्हिड शिंडलर यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये २२६ क्रमांकाचे सरोवर त्याच्या अरुंद कमरेपाशी प्लास्टिकच्या पडद्याने दोन भागांत विभागले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन मिसळले, एका भागात मात्र त्यांच्या जोडीला फॉस्फरसही टाकला. थोड्याच आठवड्यांत फॉस्फरस टाकलेला भाग शैवालाने हिरवागार झाला आणि पडद्यापलीकडचा भाग पूर्वीसारखाच गडद व स्वच्छ राहिला. विमानातून घेतलेले त्याचे छायाचित्र हे धोरणकर्त्यांसमोर ठेवल्या गेलेल्या पुराव्यांपैकी कदाचित सर्वांत प्रभावी ठरले, कारण ते वाचण्यासाठी रसायनशास्त्र येण्याची गरज नव्हती.

१९७२ चा करार आणि त्याचे यश

तत्पूर्वीच, १५ एप्रिल १९७२ रोजी ओटावा येथे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आणि पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी ग्रेट लेक्स जलगुणवत्ता करारावर सह्या केल्या होत्या. १९०९ च्या तहातील वचनाला आकड्यांची आणि यंत्रणेची जोड या कराराने दिली. ईरी आणि ऑन्टारियो सरोवरांत सांडपाणी सोडणाऱ्या मोठ्या नागरी प्रक्रिया केंद्रांनी बाहेर पडणाऱ्या पाण्यातील फॉस्फरस दर लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत खाली आणावा, असे ठरले. आयोगाला सल्ला देण्यासाठी जलगुणवत्ता मंडळ आणि संशोधन मंडळ स्थापन झाले. आणि विंडसर येथे आयोगाचे प्रादेशिक कार्यालय सुरू झाले. उपनद्यांचा जुना अडसर येथे वेगळ्या मार्गाने दूर झाला : करार सीमाजलाबद्दल असला, तरी उपाय प्रत्येक देशाने आपापल्या हद्दीत, आपल्या कायद्यानुसार करायचे होते.

करार यशस्वी होण्यामागे देशांतर्गत कायद्याचा वाटा फार मोठा आहे. कॅनडाने १९७० च्या जल कायद्याखाली साबणचुऱ्यातील फॉस्फरसचे प्रमाण प्रथम ८.७ टक्क्यांपर्यंत आणि १९७२ च्या अखेरीस २.२ टक्क्यांपर्यंत उतरवले. शिवाय नैसर्गिक संपत्तीवर प्रांतांचा अधिकार असल्यामुळे केंद्र शासनाने ऑन्टारियो प्रांताशी १९७१ मध्ये स्वतंत्र समझोता केला. अमेरिकेत ऑक्टोबर १९७२ मध्ये काँग्रेसने राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार डावलून स्वच्छ जल कायदा मंजूर केला, ज्याद्वारे सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक नळाला परवाना आवश्यक झाला आणि प्रक्रिया केंद्रे बांधण्यासाठी नगरपालिकांना मोठे केंद्रीय अनुदान मिळाले. फॉस्फेटयुक्त साबणचुऱ्यावर अमेरिकेत राष्ट्रव्यापी बंदी आली नाही, तरी सरोवरांकाठच्या राज्यांनी एकेक करून निर्बंध घातले. परिणामी ईरी सरोवरात १९६८ च्या सुमारास दर वर्षी येणारा अंदाजे २९,००० टन फॉस्फरस १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ११,००० टनांच्या ठरलेल्या मर्यादेजवळ आला. पाण्याची पारदर्शकता वाढली, वॉलाय या माशाची मासेमारी पुन्हा भरभराटीला आली आणि मृत म्हणून गणले गेलेले सरोवर एका दशकाच्या आत सावरू लागले. एवढ्या मोठ्या जलाशयाच्या बाबतीत असे यश त्यापूर्वी कोठेही नोंदलेले नव्हते.

नळापासून परिसंस्थेपर्यंत

फॉस्फरसवर नियंत्रण येत असतानाच दुसऱ्या प्रकारचे प्रदूषण उघडकीस येत होते. पीसीबी, डीडीटी, पारा, डायॉक्सिन यांसारखी विषारी द्रव्ये पाण्यात अत्यल्प प्रमाणात असली, तरी ती सहजासहजी विघटित होत नाहीत आणि प्लवकांपासून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत व तेथून पक्ष्यांत जाताना पायरीपायरीने त्यांची संहती वाढत जाते. या जैविक संचयाचे मोजमाप करण्यासाठी कॅनडाच्या वन्यजीव विभागाने १९७४ पासून हेरिंग गल या पाणपक्ष्याची अंडी दरवर्षी गोळा करून तपासण्याचा उपक्रम सुरू केला. हा पक्षी वर्षभर सरोवरांच्या परिसरातच राहतो आणि मुख्यतः तेथील मासे खातो, त्यामुळे त्याच्या अंड्यातील विष हे त्या सरोवराचेच विष असते. शिवाय अंडी दोन्ही देशांच्या हद्दीतील वसाहतींतून घेतली जात असल्यामुळे आकडा एका देशाचा आणि शंका दुसऱ्याची, असा प्रसंग उद्भवत नाही. अंड्यांतील डीडीटी आणि पीसीबी यांचे प्रमाण पुढील दशकांत लक्षणीय उतरले, आणि बंदी घातल्याने फरक पडतो याचा तो निर्विवाद दाखला ठरला.

२२ नोव्हेंबर १९७८ रोजी झालेल्या नव्या कराराने दोन मोठे बदल केले. पाण्याबरोबरच हवा, जमीन, जीव आणि माणूस यांचा एकत्र विचार करणारी परिसंस्थाधारित दृष्टी त्याने स्वीकारली, आणि टिकाऊ विषारी द्रव्यांचा विसर्ग जवळजवळ पूर्णपणे बंद करण्याचे उद्दिष्ट मान्य केले. त्याच वर्षी नायगारा फॉल्स शहरातील लव्ह कॅनॉल या वस्तीखाली पुरलेल्या रासायनिक कचऱ्याचे प्रकरण गाजले, आणि नायगारा नदीकाठच्या अशा कचरास्थळांतून ऑन्टारियो सरोवरात विष झिरपत असल्याची जाणीव कॅनडात तीव्र झाली. १९८७ मध्ये दोन्ही केंद्रीय शासने, न्यूयॉर्क राज्य आणि ऑन्टारियो प्रांत या चौघांनी मिळून नायगारा नदीतील ठरावीक विषारी द्रव्ये निम्म्याने घटवण्याचा संयुक्त संकल्प केला. केंद्र आणि राज्य अशा दोन्ही पातळ्यांवरील शासनांनी एकाच कागदावर सह्या करण्याचे हे उदाहरण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे, कारण सीमाजलाच्या प्रदूषणाचे खरे नियंत्रण बहुधा दुसऱ्या पातळीवरच होते.

त्याच वर्षी, १८ नोव्हेंबर रोजी, टोलीडो येथे मूळ कराराला जोडलेल्या उपसंधीने अतिदूषित ठिकाणांना चिंताक्षेत्र ठरवून प्रत्येकासाठी स्वतंत्र सुधारणा आराखडा बंधनकारक केला. पिण्याच्या पाण्यावरील निर्बंध, मासे खाण्यावरील निर्बंध, पोहण्याचे किनारे बंद राहणे, अधिवासाचा नाश अशा चौदा निकषांवर प्रत्येक ठिकाण तपासायचे आणि सर्व निकषांवर ते सुधारल्यावरच यादीतून वगळायचे, अशी ही पद्धत आहे. एकूण ४३ ठिकाणांपैकी २६ अमेरिकेत, १२ कॅनडात आणि ५ सामाईक जोडनद्यांवर होती. पहिले ठिकाण, कॅनडातील कॉलिंगवुड बंदर, १९९४ मध्ये यादीतून बाहेर आले; त्यानंतरची प्रगती मात्र फार संथ राहिली, कारण बहुतेक ठिकाणी प्रश्न वाहत्या पाण्याचा नसून अनेक दशके तळाशी बसलेल्या गाळाचा होता. हॅमिल्टन बंदरातील रँडल रीफ येथे कोळशाच्या डांबरातील विषारी संयुगांनी माखलेला सुमारे ६.९५ लाख घनमीटर गाळ दुहेरी पोलादी भिंतींच्या बंदिस्त कोठारात कोंडावा लागला, आणि त्याचा खर्च केंद्र, प्रांत, स्थानिक संस्था व पोलाद उद्योग यांनी वाटून घेतला. प्रदूषण होऊ देणे स्वस्त आणि ते निस्तरणे महाग, हे सर्वज्ञात सत्य येथे रोकड हिशेबात उतरलेले दिसते.

ईरीवर पुन्हा शैवाल

१९९० च्या दशकाच्या मध्यानंतर ईरीच्या पश्चिम भागात शैवाल परत येऊ लागले. २०११ आणि २०१५ या वर्षी तर त्याने पूर्वीचे उच्चांक मोडले. या वेळी दोष प्रक्रिया केंद्रांचा नव्हता. ओहायोतून ईरीला मिळणाऱ्या मॉमी नदीचे खोरे बहुतांश शेतीखाली असून तेथील सपाट, पाणथळ जमीन भूमिगत निचऱ्याच्या नळ्यांनी कोरडी ठेवलेली आहे. जमिनीच्या पृष्ठभागावर पसरलेले खत आणि शेणखत वसंतातील जोरदार पावसात विरघळून या नळ्यांवाटे थेट ओढ्यात उतरते, आणि असा विरघळलेला फॉस्फरस शैवालाला तत्काळ उपयोगी पडतो. विशिष्ट नळातून बाहेर पडणाऱ्या प्रदूषणाला बिंदू स्रोत आणि शेतशिवारासारख्या विस्तृत भूभागावरून वाहून येणाऱ्या प्रदूषणाला विखुरलेला स्रोत म्हणतात. अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्याने परवान्याचे बंधन पहिल्याला घातले, दुसऱ्याला जवळजवळ मोकळे सोडले. त्यातच जहाजांच्या भारजलातून, म्हणजे समतोलासाठी जहाजात भरलेल्या पाण्यातून, युरोपातून आलेले आणि १९८८ मध्ये प्रथम आढळलेले झेब्रा शिंपले सर्वत्र पसरले आणि त्यांनी सरोवरातील पोषकद्रव्यांचे चक्रच बदलून टाकले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये संयुक्त आयोगाने शासनांना इशारा दिला, की गोठलेल्या किंवा बर्फाच्छादित जमिनीवर खत टाकण्यास बंदी घालावी आणि केवळ ऐच्छिक उपायांवर विसंबू नये. त्याच वर्षी २ ऑगस्टच्या पहाटे ईरीकाठच्या टोलीडो शहराच्या चार लाखांहून अधिक नळग्राहकांना पाणी पिऊ नये आणि उकळूही नये, अशी सूचना मिळाली. सायनोबॅक्टेरिया या निळ्या-हिरव्या शैवालातून निघणारे मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष दर लिटरला एक मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेले होते, आणि पाणी उकळल्याने हे विष नष्ट न होता वाफेमुळे अधिकच संहत होते. ही बंदी सुमारे अडीच दिवस टिकली. ज्या शहरात १९८७ ची उपसंधी झाली होती, त्याच शहराचे नळ बंद पडावेत, ही घटना त्या उपसंधीची मर्यादा दाखवून देते.

७ सप्टेंबर २०१२ रोजी झालेली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये अमलात आलेली सुधारित उपसंधी आज लागू आहे. तिच्या दहा परिशिष्टांत पोषकद्रव्ये, चिंताजनक रसायने, जहाजांचे विसर्ग, परकीय जीवजाती, भूजल आणि हवामानबदल यांचा समावेश असून, १९०९ मध्ये ज्यांना कोणी विचारलेही नव्हते त्या मूलनिवासी समाजांच्या सहभागालाही तिने स्थान दिले आहे. तिच्या आधारे २०१६ मध्ये ईरीच्या पश्चिम आणि मध्य भागांत येणारा फॉस्फरस २००८ च्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट मान्य झाले. तत्पूर्वी ओहायो, मिशिगन आणि ऑन्टारियो यांनी पश्चिम भागासाठी तेवढीच घट २०२५ पर्यंत साधण्याचे ठरवले होते. ओहायोने २०१५ मध्ये गोठलेल्या जमिनीवर खत टाकण्यावर निर्बंध आणले. तरीही शेतीतील बहुतेक उपाय ऐच्छिकच राहिले असून ईरीवरचे शैवाल आटोक्यात आलेले नाही. निधीचीही शाश्वती नाही : २०१० मध्ये ४७.५ कोटी डॉलर देऊन सुरू झालेल्या अमेरिकेच्या ग्रेट लेक्स पुनर्स्थापना कार्यक्रमाला २०१८ च्या अर्थसंकल्पी प्रस्तावात पूर्ण कात्री लावण्यात आली होती, आणि काठावरच्या राज्यांतील दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी आग्रह धरल्यामुळेच काँग्रेसने तो वाचवला.

इतरत्रचे अनुभव

ग्रेट लेक्सवर दोन्ही देश प्रदूषण करणारेही आहेत आणि सोसणारेही, त्यामुळे परस्परहिताची जाणीव तेथे तुलनेने सहज होते. ऱ्हाइन नदीवर परिस्थिती निराळी आहे. तेथे नेदरलँड्स सर्वांत खालच्या अंगाला असल्यामुळे वरच्या देशांचे सर्व सांडपाणी त्याच्या वाट्याला येते. १९५० मध्ये स्थापन झालेल्या ऱ्हाइन आयोगाची बरीच वर्षे मोजमापातच गेली. फ्रान्समधील पोटॅशच्या खाणींतून नदीत सोडल्या जाणाऱ्या मिठाबद्दल १९७६ मध्ये जो करार झाला, त्यात मीठ कमी करण्याच्या खर्चाचा ३४ टक्के भार खुद्द नेदरलँड्सने उचलला. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी या तत्त्वाला हे धरून नव्हते, पण त्याविना करारही झाला नसता. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळील रसायनांच्या गोदामाला आग लागून विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली आणि शेकडो किलोमीटर अंतरातील मासे मेले, तेव्हा चित्र पालटले. पुढच्याच वर्षी सर्व देशांनी साल्मन मासा नदीत परत आणण्याचे उद्दिष्ट ठेवून कृतिकार्यक्रम आखला, आणि या उद्दिष्टाची खरी ताकद अशी, की ते पूर्ण झाले की नाही हे मच्छिमारही सांगू शकत होता. साल्मन पुढे ऱ्हाइनमध्ये पुन्हा चढू लागला.

अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवर याउलट तिहुआना नदी मेक्सिकोतून अमेरिकेत वाहते आणि तिहुआना शहराचा मैला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर येतो. १९४४ च्या तहाखालील संयुक्त आयोगाने एकामागून एक इतिवृत्ते संमत केली आणि सीमेलगत अमेरिकेच्या हद्दीत दररोज अडीच कोटी गॅलन क्षमतेचे प्रक्रिया केंद्रही उभारले गेले. पण शहराची वाढ, गळक्या वाहिन्या आणि देखभालीचा अपुरा खर्च यांमुळे किनारे वर्षानुवर्षे वारंवार बंद ठेवावे लागले आहेत. श्रीमंत शेजाऱ्याने बांधून दिलेले केंद्र हे गरीब शहराच्या मलनिःसारणाला पर्याय ठरू शकत नाही, हा या अनुभवाचा निष्कर्ष होय.

जागतिक पातळीवर १९९२ चा हेलसिंकी करार आणि २०१४ मध्ये अमलात आलेला संयुक्त राष्ट्रांचा जलप्रवाह करार हे दोन्ही सामाईक पाण्याचे प्रदूषण रोखण्याची जबाबदारी सदस्य देशांवर टाकतात. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील १९६० च्या सिंधू करारातही पाण्याचे अवाजवी प्रदूषण शक्य तितके टाळण्याचा हेतू दोन्ही पक्षांनी नोंदवलेला आहे. पण करारातील सारा तपशील वाटपाचा असून या हेतूमागे स्वतंत्र यंत्रणा नाही.

संघराज्यांतर्गत सीमा आणि महाराष्ट्र

राज्याराज्यांच्या सीमेवरही हाच असमतोल आढळतो. कोल्हापूरचे सांडपाणी आणि इचलकरंजीच्या वस्त्रप्रक्रिया उद्योगातील रंगीत पाणी घेऊन पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेस मिळते, आणि कृष्णा तेथून थोड्याच अंतरावर कर्नाटकात शिरते. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की बंधाऱ्यांमागे जलपर्णी माजते आणि मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो, हे शिरोळ तालुक्यातील गावांना वर्षानुवर्षे सोसावे लागत आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी आजवर दोन लवाद नेमले गेले, पण तिच्या गुणवत्तेसाठी दोन राज्यांचे एकही स्थायी संयुक्त मंडळ नाही. कायद्यात त्याची सोय नाही असेही नाही : १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या तेराव्या कलमानुसार शेजारील राज्ये परस्पर संमतीने संयुक्त मंडळ स्थापू शकतात, सोळाव्या कलमानुसार राज्य मंडळांतील वाद सोडवणे हे केंद्रीय मंडळाचे काम आहे, आणि १९५६ च्या नदी मंडळ कायद्यात आंतरराज्य नद्यांचे प्रदूषण रोखणे हे मंडळाच्या कामांत मोडते, मात्र त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही.

निष्कर्ष

या सर्व अनुभवातून तीन गोष्टी ठामपणे म्हणता येतात. पहिली, तहातील तत्त्वघोष पुरेसा नसतो. १९०९ चे वचन आकड्यात उतरायला ६३ वर्षे लागली, आणि ते आकड्यात उतरल्यावर एका दशकात सरोवर सावरू लागले. दुसरी, संयुक्त मोजमाप हा सहकार्याचा पाया आहे : दुभंगलेल्या सरोवराचे छायाचित्र असो की पाणपक्ष्यांची अंडी, दोन्ही बाजूंना मान्य असलेला पुरावा हाती आला, तेव्हाच कोण दोषी हा वाद मागे पडून काय करायचे ही चर्चा पुढे गेली. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आंतरराष्ट्रीय करार देशांतर्गत कायद्यापेक्षा अधिक बळकट होऊ शकत नाही. नळाला परवाना लागला म्हणून शहरांचा फॉस्फरस कमी झाला, आणि शेताला तसे बंधन नव्हते म्हणून शैवाल परत आले. करार दोन्ही वेळी तोच होता. सल्लागार आयोगाची मर्यादा येथे उघड होते, पण त्याची उपयुक्तताही येथेच दिसते, कारण ईरीविषयीचा इशारा टोलीडोचे नळ बंद पडण्याच्या सहा महिने आधी याच आयोगाने जाहीरपणे दिला होता.

म्हणूनच सामाईक पाण्याबाबत नवी सुरुवात करू पाहणाऱ्या शासनांनी मोठ्या जाहीरनाम्यापेक्षा लहान पण कायमस्वरूपी यंत्रणेला प्राधान्य देणे हिताचे ठरेल. सीमेवर दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी मिळून चालवलेली मोजणी केंद्रे, तेथील आकडे विनाविलंब लोकांसमोर ठेवण्याची सक्ती, आणि ठरलेली मर्यादा ओलांडली गेल्यास वरच्या अंगाच्या नगरपालिकेला, कारखान्याला आणि शेतीला लागू होणारा आपापल्या राज्याचा कायदा, एवढे तरी कृष्णेच्या काठी करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी नव्या तहाची नव्हे, तर १९७४ पासून कायद्यात असलेले कलम वापरण्याची गरज आहे.